नमुना पास आहे

टेंभुर्णीपासून आत असलेल्या एका गावात शाळेच्या नव्या खोलीचा स्लॅब सोमवारी टाकायचा होता. शुक्रवारी पुंजारामने कामावरची वाळू काचेच्या बाटलीत भरली, पाणी घालून खळखळून हलवली आणि ठेवून दिली. तो जुना गवंडी, शिवाय शाळा समितीचा अध्यक्ष. तीन तासांनी बाटलीत वाळू खाली बसली आणि तिच्यावर जवळजवळ तेवढाच गाळ. इतकी माती असली की सिमेंट वाळूला धरत नाही आणि स्लॅब पोरांच्या डोक्यावर येतो. त्याची नात तृप्ती याच खोलीत बसणार होती.

बाटली घेऊन त्याने तालुक्याला अभियंता देवानंद साहेबांना गाठलं.

"साहेब, यात निम्मी माती हाये."

साहेबांनी शांतपणे कपाटातून एक पिशवी काढली. तिच्यात आठ वर्षांपूर्वीची, धुतलेली, स्वच्छ वाळू होती. तालुक्यातल्या प्रत्येक कामाची तपासणी याच पिशवीवर होई आणि ती एकदाही नापास झाली नव्हती.

"नमुना पास आहे, काका."

"पण कामावर ही वाळू न्हाई ना!"

"कामावरची वाळू कामासाठी असते. ती तपासण्यात घालवली तर कामाला कमी पडेल."

तरीही साहेब दयाळू. गावातल्या पाच जणांच्या सह्या आणल्या तर काम थांबवू, म्हणाले.

पाच सह्या म्हणजे हातचा मळ, असं वाटून पुंजाराम महेमूदभाईंकडे गेला. दारात त्याच वाळूचा ढीग होता. "ठेकेदारानं फुकट टाकली, भाऊ. न्हाणीला बिलकुल चालते." नंदाबाई म्हणाल्या, "करते ना सही. आधी माझा गिलावा होऊ द्या." गुरुजींच्या दारात दोन ढीग होते, कारण ते सुशिक्षित.

सगळ्या गावाला शिव्या घालत पुंजाराम घरी आला, तर त्याची बायको उषाबाई अंगणात त्याच वाळूची खेप उतरवून घेत होती.

"ओट्याचं तुम्हीच म्हणून राह्यल्ते ना? मंग जल्दी घमेलं आणा."

पुंजारामने घमेलं आणलं. मग त्याने बाटली ढिगावरच रिकामी केली. फुकटचा माल वाया कशाला घालवायचा!

सोमवारी नारळ अध्यक्षांच्या हस्ते फुटला आणि स्लॅब टाकून झाला. पुंजारामने गुरुजींना बाजूला घेतलं.

"काम बराबर झालं, गुरुजी. तेवढं आमच्या तृप्तीला दाराजवळ बसवा."

गुरुजींनी खिशातून यादी काढून नाव लिहिलं. दाराजवळ बसवायच्या पोरांत तृप्तीचा नंबर एकतिसावा लागला. वर्गाचा पट एकतीसच होता.