उल्मारी भाषेची तोंडी परीक्षा

जी भाषा कोणाचीच मातृभाषा नाही, तीच सर्वांत शुद्ध असते, कारण तिच्यातली चूक दाखवायला घरात कोणी म्हातारं माणूस नसतं. म्हणूनच डहाणूच्या आमच्या महाविद्यालयाने उल्मारीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. उल्मारी ही एका इंग्रजी कादंबरीतल्या जंगलवासीयांची भाषा. लेखकाने ती एका हिवाळ्यात, घरी बसून तयार केली. तिच्यात एकूण आठशे बारा शब्द आहेत. त्यांपैकी एकतीस तलवारीसाठी आहेत, भातलावणीसाठी एकही नाही. (तिथले लोक काय खातात, हे सातव्या खंडातही कळत नाही.)

परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला आमच्या ग्रंथालयात साहाय्यकाची जागा मिळणार होती. ती तलासरीकडच्या पाड्यावरच्या दक्षाला हवी होती. नाहीतर तिला घोलवडला आईसोबत चिकूच्या पेट्या भरायला जावं लागणार होतं.

तोंडी परीक्षेचा विषय होता 'माझे घर'. शब्दसंग्रहच तसा असल्यामुळे उमेश नावाच्या दुसऱ्या उमेदवाराच्या घरी अकरा तलवारी आणि एक जखमी घोडा निघाला. दक्षा मात्र पाच मिनिटं न अडखळता बोलली. समितीचे अध्यक्ष रविंद्र सर चक्क रडले. "असा प्राचीन उच्चार इंग्लंडातही नाही!" म्हणाले. मी समितीचा चिटणीस. मीही डोळे पुसले आणि शंभरपैकी शंभर लिहिले.

मग मी कोशात पाहिलं, तर तिचे निम्मे शब्द त्यात नव्हतेच. तिला बोलावून विचारलं.

"सर, पुस्तकातले शब्द संपले," दक्षा म्हणाली. "मग आमची बायजी आजी घरी बोलते तसं मी बोलली. वारली भाषा आहे ती."

"आधी का नाही सांगितलंस?" रविंद्र सरांनी विचारलं.

"तुम्ही रडत होता, सर."

ठराव मीच लिहिला : 'सदर भाषा उमेदवारास घरून आयती मिळालेली असल्याने हा गैरप्रकार समजून निकाल रद्द करण्यात येत आहे.' ग्रंथालयात आता उमेश बसतो. दक्षा सकाळीच घोलवडला जाते. खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटते, पण ठरावात तसा रकाना नव्हता.

वाचकहो, तुम्हालाही वाईट वाटलं असेल. पण उल्मारीत तलवारीला किती शब्द आहेत, हे तुम्हाला आत्ता पाठ आहे. बायजीचा एकही शब्द मी इथे दिला नाही, आणि तुम्हीही तो मागितला नाहीत.