बबनअण्णांची फुलणारी पावडर

समस्त भुकूम ग्रामस्थ, आसपासच्या सोसायट्यांचे सन्माननीय सभासद आणि पौड रस्त्यावरच्या कोंडीत सध्या निवांत बसलेले तमाम नागरिक यांस जाहीर कळविण्यात येते, की आपापल्या घरातले जुने एक्स-रे ताबडतोब कुलपात ठेवावेत. प्रसंग गंभीर आहे. बबनअण्णांकडचे संपले आहेत.

बबनअण्णा आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर राहतात. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे पूर्वी ते भात लावत. जमीन दिली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजली घर बांधलं आणि वरच्या मजल्यांवर हिंजवडीला कामाला जाणारी मुलंमुली भाड्याने ठेवली. पांढरा पायजमा, टोपी, आणि समोरच्याने आधी बोलावं अशी मिशी. अशा माणसाने उतारवयात काय करावं, हे आमच्या भागात ठरलेलं आहे. जमिनीच्या भावावर बोलावं, ग्रामपंचायतीवर बोलावं, आणि दोन्ही विषय संपले की पहिल्यापासून सुरुवात करावी. अण्णा वह्यांची कव्हरं करतात.

साधीसुधी नव्हेत. जाड पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, त्यावर कापडाचे, कागदाचे तुकडे चिकटवायचे, नक्षी कापलेला छापा ठेवून त्यातून जाड लगदा थापायचा. मग चिकट शाईचा ठसा मारायचा आणि त्यावर एक बारीक पावडर भुरभुरायची. जास्तीची झटकून टाकायची आणि उरलेल्या पावडरीवर गरम हवेचा झोत धरायचा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग ती पावडर एका कोपऱ्यातून चकाकायला लागते, वितळते, आणि बघता बघता तिथे सोन्याची उठावदार नक्षी होते. या क्षणाला अण्णा "फुललं" म्हणतात. गरम हवेच्या यंत्राला ते "लाईटची फुंकणी" म्हणतात. वह्या आतून कोऱ्याच असतात.

"आत काय लिहायचं, अण्णा?" असं मी एकदा विचारलं होतं.

"ते ज्याचं त्यानं बघावं. पत्रा घालणाऱ्यानं आतल्या संसारात डोकवू नये," अण्णा म्हणाले.

या वेडाची सुरुवात वासाने झाली. अण्णांच्या खोल्यांमध्ये शेगडी, हिटर, इस्त्री आणि मित्र यांना बंदी आहे. एका रविवारी दुपारी वरून काहीतरी तापल्याचा वास आला, तसे अण्णा जिना चढून शीतलच्या दारावर थडकले. शीतल परभणीकडची, एका कंपनीत नोकरीला. आठवडाभर ती संगणकाकडे बघायची आणि रविवारी असली कव्हरं करायची.

"काय जाळतीयास गं?"

"काही नाही अण्णा, एम्बॉसिंग."

"त्ये बी चालत न्हाई हितं. दाव काय हाय ते."

तिने घाबरत घाबरत एक मोर फुलवून दाखवला. अण्णांनी मोर नाकाजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, "परत दाव बघू." संध्याकाळी शांताकाकू नवऱ्याला शोधत वर गेल्या, तेव्हा अण्णा पालथ्या बादलीवर बसले होते, फुंकणी त्यांच्या हातात होती, आणि खोली खाली करायला सांगायचं ते साफ विसरले होते.

तेव्हापासून "थांबा, अजून फुललं न्हाई" हे वाक्य त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावलं. चहाला, पावसाला, आमच्या चिरंजीवांच्या अभ्यासाला.

आता एक्स-रेचं. बाजारातले छापे अण्णांना पटेनात. सगळी विलायती फुलं. एक्स-रेची फिल्म ताठ असते, ब्लेडने कापता येते, लगद्याने भिजत नाही, धुतली की पुन्हा तयार. म्हणून त्यांनी गावभर एक्स-रे मागायला सुरुवात केली. माझ्याकडे आले ते माहिती काढूनच.

"साहेब, तुमच्या पाटीचा फोटो हाय म्हनं."

मी काढून दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. "मणके ब्येस हायती. एका रेघंत. वेल झकास बसंल."

माझ्या कण्याची अशी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. मी विरघळलो आणि एक्स-रे दिला. पुढे पाठ पुन्हा धरली तेव्हा डॉक्टरांना तुलनेसाठी जुना फोटो हवा होता. अण्णांनी तो नाखुशीने, पुसून परत दिला. डॉक्टरांनी दिव्याच्या पेटीवर लावला. मानेखाली एक कैरी कापलेली होती, तिथून वेल निघून कमरेपर्यंत आला होता, आणि माकडहाडाशी पोपट बसला होता. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"दुखतं कुठे?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पोपटाच्या जरा वर," मी म्हणालो.

शांताकाकूंनी मात्र या कलेचा एकदाच, पण पुरेपूर उपयोग केला. घरी खंडोबाचं जागरण होतं. ऐन वेळी भंडाऱ्याची वाटी सापडेना, म्हणून काकूंनी फळीवरची सोनेरी पावडरीची बरणी उघडली आणि येळकोटाच्या गजरात पाहुण्यांवर मुठीने उधळली. अण्णा आतून बाहेर आले ते कागद आणि रुंद ब्रश घेऊनच. "हालू नगा कुनी," ते म्हणाले, आणि एकेका पाहुण्याच्या खांद्यावरची पावडर झाडून गोळा करू लागले. वाघ्याचं गाणं थांबलं.

"अवो, देवाच्या नावानं उधळलंय ते," काकू म्हणाल्या.

"देव काय फुंकणी लावनार हाय का याला?"

"न्हाई लावली तरी सोन्याची जेजुरी झाली की. उभं ऱ्हावा गप."

दोघांचे दोन मुलगे बावधनला असतात, सणावाराला येतात. मुलगी नाही. ही गोष्ट अण्णा बोलत नसत. एकदाच, एका लग्नाहून परतताना गाडीत म्हणाले होते, "आमचं आपलं दुसऱ्याच्या मांडवात अक्षता टाकायचं काम."

मग शीतलचं लग्न ठरलं. म्हणजे तिनेच ठरवलं. मुलगा ऑफिसातला, नागपूरकडचा, जात वेगळी. आई तिला नव्हतीच. वडिलांनी बातमी ऐकून फोन ठेवून दिला. तिने पत्रिका पाठवली, निरोप पाठवले, उत्तर नाही. शेवटी एका संध्याकाळी ती खाली आली.

"अण्णा, कन्यादानाला तुम्ही आणि काकू बसाल का?"

अण्णा नळाखाली छापा धूत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बसू की. कुनीतरी बसाया पायजेच," ते म्हणाले. काकूंनी मला नंतर सांगितलं, की टाकीतलं पाणी संपेपर्यंत ते तोच छापा धूत होते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज संध्याकाळी ओट्यावर पाट टाकून मांडी घालायला लागले. गुडघे कुरकुरत. कुणी विचारलं तर सांगत, "कामाला टेबल किती उंच करावं त्ये बघतुया."

रुखवताचंही त्यांनीच अंगावर घेतलं. "पोरगी रिकाम्या टेबलावरनं जायची न्हाई." लाडू-चकल्या काकूंनी आणि गल्लीतल्या बायांनी वाटून घेतल्या. मधोमध मांडायची वही अण्णांची. त्यांनी छाप्यासाठी मोठ्या निगुतीने भाताची लोंबी कापली. शीतल ती बघून हसली.

"अण्णा, आमच्याकडे भात कुठं पिकतो? ज्वारी."

अण्णांनी लोंबी बाजूला ठेवली आणि माझ्या सासूबाईंच्या खुब्याचा एक्स-रे मागायला आले. ज्वारीची पानं लगद्यातून उठवली, ती वाळू दिली, मग कणसाचा दाणा न् दाणा वेगळा. प्रत्येकाला चिकट शाईचा ठिपका, त्यावर चिमूटभर पावडर, मग फुंकणी. एक-दोन दाणे करपले तर सगळं खरवडून पुन्हा. मी म्हटलं, लांबून कुणाला कळणार आहे?

"दाना भरला पायजे. फोल कनीस बघून मराठवाडा काय म्हनंल?"

लग्न भूगावच्या एका लहान हॉलमध्ये होतं. अण्णा कडक नव्या धोतरात रुखवताच्या टेबलाशी पहारा देत होते, आणि मला त्यांनी पोरांना लाडवांपासून लांब ठेवायला उभं केलं होतं. गुरुजींची मांडामांड चालू होती. तेवढ्यात हातात पिशवी घेतलेला एक वयस्क माणूस आत आला. प्रवासाने चुरगळलेला सदरा, पायावर धूळ. लाडवांकडे, चकल्यांच्या मनोऱ्याकडे त्याने बघितलं नाही. सरळ वहीपाशी आला आणि कणसावर बोट ठेवलं.

"हात लावा, लावा. उचलू नगा फकस्त," अण्णा म्हणाले.

"ज्वारी दिसायलीय ही."

"ज्वारीच. पोरीच्या गावची. बाप रुसून बसलाय तिकडं परभणीला. म्हटलं, बाप न्हाई तर न्हाई, रान तरी येऊ दे लग्नाला."

माणसाचं बोट एकेका दाण्यावरून फिरत टोकापर्यंत गेलं. "दाणा भरलाय," तो म्हणाला. मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "रुसून नव्हता बसला. गाडीत बसला होता."

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी लाडवांकडे बघत राहिलो. पोरांनी तेवढ्यात दोन उचलले.

"वाटंत काय खाल्लं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. कन्यादानाला निघालेला माणूस कसं खाईल?"

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वतः आत जाऊन शीतलला बाहेर घेऊन आले. बापलेक भेटले ते मी सांगत बसत नाही.  मग गुरुजींनी घड्याळ बघत हाक दिली, "कन्यादानाला कोण बसतंय?"

शीतलचे वडील मागे सरले. "ह्यांनी बसावं. एवढं समदं ह्यांनी केलंय. मी मागं बसतो."

"छ्या, मला न्हाई चालायचं," अण्णा हात झटकत म्हणाले. "म्या सकाळीच चौकात मिसळ खाऊन आलोय. तर्री मारून. ह्यो उपाशी मानसाचा मान हाय. तुमचीच जागा ती. म्या आपला यष्टीत रुमाल टाकत्यात, तशी धरून ठिवली व्हती."

लोक हसले. गुरुजींना सुटल्यासारखं झालं. अण्णांनी पाट पायाने शीतलच्या वडिलांच्या बाजूला सरकवला, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि टेबलामागे येऊन ती वही सरळ करायला लागले. वही सरळच होती.

काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. त्यांनी मिसळीचं तेवढंच ऐकलं होतं. त्या हॉलच्या मधोमध थांबल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मिसळ? कुटली मिसळ? काल रातच्यापास्नं पान्याचा घोट न्हाई घेतला ह्यांनी."