सोवनींच्या घरातलं लोखंड

सोवनींच्या घरी जायचं तर दाराशी चप्पल काढावी लागते, आणि केसांतल्या पिनाही. त्यासाठी तिथे प्लास्टिकची डबी ठेवलेली असते. साडीची सेफ्टी पिन काढायची आणि पदर हातात धरून बसायचं. ऑफिसातून दमून आल्यावर हे नको वाटतं, पण इकडे उत्तरेत, इंदिरा नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच. आमची कामवाली म्हणते, "भाभीजी, वो साहब तो पिन गिनकर लौटाते हैं."

सोवनी निवृत्त शास्त्रज्ञ. मागच्या खोलीत त्यांनी प्लास्टिकचा तंबू उभारलेला, आणि तंबूत समुद्राच्या पाण्याच्या अठरा बाटल्या. खोल समुद्राच्या तळाशी म्हणे गरम झरे असतात. त्यांतून काळा धूर निघतो, आणि धुरात लोखंड-गंधकाचे इतके बारीक कण असतात की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. जाड कण तिथेच बसतात. हे बारीक मात्र बुडत नाहीत, वर्षानुवर्षं वाहत जातात आणि दूरच्या समुद्रातल्या वनस्पतींना लोखंड पुरवतात. सोवनी ते मोजतात. "तुमच्या एका गंजक्या पिनेत माझ्या अख्ख्या बाटलीपेक्षा जास्त लोखंड आहे, ताई," हे त्यांचं पालुपद.

त्यामुळे घरात तवा नाही, विळी नाही. सुरी चिनी मातीची. लाल भोपळा आणला की सोवनींच्या बायको शीलावहिनी तो चिरायला आमच्याकडे पाठवतात.

यंदा उन्हाळ्यात वहिनी जिना चढता चढता मध्येच बसल्या. अंगात रक्त नाही. गोळ्या पोटात ठरेनात. डॉक्टरांनी पालक, गूळ आणि लोखंडी कढईतला स्वयंपाक सांगितला; नाही सुधारलं तर ॲडमिट करून रक्त चढवायचं. सोवनी तो कागद घेऊन माझ्याकडे आले. कढई तुमच्याकडे ठेवली तर चालेल का, रोजची भाजी तुम्हीच करून द्याल का, वगैरे.

मी नुकतीच कुकर लावून टेकले होते. म्हटलं, "सोवनी, बाटल्या हव्यात की बायको?"

"एकाच वर्षाचं मोजणं राहिलंय हो," ते म्हणाले आणि गेले.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले तर दाराशी डबी नव्हती. तंबूची घडी करून ठेवली होती. बाटल्या आणि वह्या त्यांच्या जुन्या ऑफिसातली एक मुलगी घेऊन गेली, असं त्यांनीच सांगितलं. वहिनी आत झोपल्या होत्या. सोवनी नव्या कढईत पालक ढवळत होते आणि तो खालून लागला होता. मी गॅस बारीक केला. भाजी झाली की लगेच काढून ठेवा, कढईत काळी पडते, असं सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं.

मग आतल्या खोलीकडे बघत हळूच विचारलं, "किती दिवसांत वाढतं हो रक्त?"

"दोन-तीन महिने तरी लागतात."

"इतके?" ते म्हणाले. त्यांनी पालकाची आणखी एक जुडी उचलली आणि न चिरता, दोऱ्यासकट कढईत टाकली.