सम्राटाला चिंच लावली

एप्रिलचा दुसरा शनिवार, दुपारचे साडेतीन. रक्कम दोनशे साठ युरो. हजर: प्रभुणे, त्यांच्या आई, रेगेन्सबर्गहून नाणं विकत घ्यायला आलेले क्राउझसाहेब आणि साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरचा मी.

प्रभुणे आमचे इथले, जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइममधले शेजारी. पेशाने गिअरबॉक्सचे इंजिनिअर, पण राजकारण वाचतात ते रोमन सम्राटांच्या ब्राँझच्या नाण्यांवर. "सम्राट नाण्यावर जे छापतो ना, नेमकं तेच त्याच्याकडे नसतं. छापलंय म्हणजे नाहीये. गेनाऊ, अगदी तस्संच!" ऑफिसात 'आपण सारे एक कुटुंब' अशी मेल आली की हे नवा बायोडेटा लिहायला घेतात. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवर 'सुखी संसार' वाचून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

विकायचं नाणं त्यांचं सर्वांत लाडकं. त्यावर एकमेकांत गुंफलेले दोन हात, भोवती 'सैन्याची एकजूट'. "आणि सैन्य तेव्हा उलटायच्या बेतात होतं हो!" हे सांगताना ते अजूनही खुर्चीवरून उठतात. पण आई सांगलीला परत निघाल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून विमानात पाय पसरता येतील अशी सीट हवी होती. तिचे जादा दोनशे साठ. आईंना हे सांगितलं नव्हतं. नकोच म्हणाल्या असत्या.

क्राउझसाहेबांनी भिंग काढलं. प्रभुण्यांनी डबी उघडली, तर रिकामी.

"ते होय?" आई बशी घेऊन आल्या. "देवाच्या भांड्यांबरोबर घासलं. काय कळकट झालं होतं रे! चिंच लावली, थोडं मीठ."

नाणं नव्या नळासारखं चमकत होतं. जवळपास दोन हजार वर्षांचा हिरवा थर, म्हणजे जवळजवळ सगळी किंमत, बेसिनमधून वाहून गेली होती.

"माइन गॉट!" क्राउझ जर्मनमध्ये पुटपुटले. "असं मी आयुष्यात पाहिलं नाही."

"काय म्हणतात रे?" आईंनी विचारलं.

प्रभुण्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणतात, इतकं लख्ख नाणं त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही."

"मग घासणावळ घे की त्यांच्याकडून!"

प्रभुणे आत जाऊन दुसरी डबी घेऊन आले. क्राउझसाहेबांनी भिंग लावून तीन हिरवी नाणी निवडली.

हिशेब असा. तीन नाण्यांचे दोनशे साठ क्राउझसाहेबांनी दिले, ते त्याच संध्याकाळी विमान कंपनीला गेले. साहेबांना जिन्यापर्यंत सोडून परतताना प्रभुण्यांनी दारातच आपल्या पाकिटातून वीसची नोट काढली आणि आत जाऊन आईंच्या हातावर ठेवली. म्हणाले, "साहेबांनी दिलीय."