आणखी एक, शेवटची!

मास्तरांच्या ‘शेवटची’वर विश्वास ठेवणारा माणूस त्या व्यायामशाळेत टिकलाच नसता. दहा बैठका झाल्या की मास्तर ओरडायचे, “शाब्बास! आता फक्त शेवटची!” ती झाली की, “आणखी एक, शेवटची!” आणि मंडळी मुकाट्याने मारायची, कारण मास्तर जीव ओतून शिकवायचे. कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाची टाच उचलली जाते, सगळं त्यांना तोंडपाठ. असा शिक्षक दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

तरीही सकाळच्या वर्गाला जेमतेम बारा डोकी उरली होती. मालकांनी स्पष्टच सांगितलं, “सोमवारी मी स्वतः येतो. वीस माणसं दिसली नाहीत, तर सकाळचा वर्ग बंद.”

म्हणून शनिवारी मास्तरांनी व्यायामशाळेच्या ऑनलाइन पानावर टाकायला घरीच व्हिडिओ केला. बैठक कशी मारायची, गुडघे कुठे ठेवायचे, श्वास कधी सोडायचा, आणि हे सगळं का. बोलता बोलता चार मिनिटं झाली.

“एवढं कोण बघतंय?” बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची, कापताना तिचा हात कधी अडखळत नसे. “आणा इकडे. कापून एका मिनिटात बसवते.”

तिने झकास बसवला. फक्त शेवटचं ‘आता थांबा, पाणी प्या’ तेवढं कापावं लागलं. व्हिडिओ ‘आणखी एक, शेवटची!’वर संपायचा आणि आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

रविवारी संध्याकाळी बायको ओरडली, “अहो, चारशे वेळा बघितलाय!” आनंदाने मास्तरांना जेवण जाईना.

सोमवारी सहा वाजता मास्तर दिवे लावून उभे. साडेसहा झाले तरी चिटपाखरू नाही. त्यांनी वर्गातल्या निवृत्त पोस्टमनकाकांना फोन लावला.

“काका, निघालात ना?”

“पलंगावरून निघालोय. दारापर्यंत पोचलो की कळवतो.”

“झालं काय?”

“तुम्हीच म्हणत होतात, आणखी एक! दीडशे झाल्या, तरी तुम्ही थांबा म्हणेनात.”

“अहो, तो व्हिडिओ होता!”

“असेना. मास्तर तर तुम्हीच ना?”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात मालक आले. दुसऱ्या मजल्यावर चढायला त्यांना आज बराच वेळ लागला होता.

“कुठायत वीस माणसं?” त्यांनी भिंतीला टेकत विचारलं.

वर्ग गेला, हे मास्तरांना कळून चुकलं. त्यांनी बाकडं भिंतीला लावलं, केर काढला. मग जिन्यात कण्हण्याचा आवाज आला. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, आयाबाया आणि काकालोक वर येत होते, त्यांत पोस्टमनकाकाही. वर्ग सोडून गेलेलेही व्हिडिओ पाहून आले होते. पाय मोडून आले, पण आले. मास्तरांचे डोळे भरून आले.

मालकांनी दोनदा मोजलं. “एकोणीस,” ते म्हणाले. “एक कमी.”

मास्तरांचा चेहरा उतरला. तरी सवयीने त्यांनी बाकडं पुढे सरकवलं. “बसा मालक.”

“नको.”

“बसा हो, दमलात.”

“बसता येत नाही!” मालक कळवळले. “काल माझ्यापण एकशे वीस झाल्यात!”

मग पोस्टमनकाकांनी मालकांकडे बोट दाखवलं. “वीस!”

मालक भिंत न सोडता मास्तरांना म्हणाले, “वर्ग चालू ठेवा. पण आधी त्या व्हिडिओला ‘थांबा’ जोडून टाका.”