आर्डिससाठी फरशी

आर्डिस बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिच्या नवऱ्याने, मर्ल लिंडक्विस्टने, फरशीची धास्तीच घेतली. शुक्रवारी ती हॉस्पिटलमधून वॉकर घेऊन घरी यायची होती. त्याआधी जुनी गुळगुळीत फरशी उखडून नवी बसवायची, एवढंच काम. पण मायनॉट शहरातल्या फरशीच्या दुकानात कुठलाही नमुना पाहिला की मर्लला त्यावर आर्डिस पडलेली दिसे.

"ही खरखरीत आहे. पाय धरून ठेवते," फरशी बसवणारा ड्वेन म्हणाला.

"खाचांत घाण साचेल, बुरशी धरेल. तिचं नुकतंच ऑपरेशन झालंय."

"मग ही घ्या. सांधे कमी, पुसायला सोपी."

"आणि ओली झाली की?"

ड्वेनने तोंड उघडायच्या आत मर्लने कोटातली पाण्याची बाटली नमुन्यावर उपडी केली, बूट काढले आणि वर उभा राहिला. शेजारचं गिऱ्हाईक गुपचूप बाजूला सरकलं.

शेवटी बारीक दाण्यांचं, प्लास्टिकसारखं अखंड विनाइल ठरलं. सांधा एकही नाही, कडा भिंतीवर वीतभर चढवलेल्या, दारातला उंबरा काढून टाकलेला.

गुरुवारी ड्वेन हत्यारं आवरून गेला आणि मर्ल एकटाच बाथरूमच्या दारात उभा राहिला. पाण्याने नाही घसरणार, पण साबणाने? त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा, अहो, कितीतरी घरांत हीच फरशी आहे," कोरिन वैतागून म्हणाली.

"त्या घरांत तुझी आई नाही."

फोन ठेवून त्याने तळघरातून आपलं जुनं आइस हॉकीचं हेल्मेट आणलं, गुडघ्यांना पॅड बांधले. फरशीवर भांडी घासायचा साबण ओतला, वर शॅम्पू, वर गरम पाणी. मग भिंतीवरचा आधाराचा दांडा घट्ट धरून, मोज्यांनिशी, जीव मुठीत घेऊन आत पाऊल टाकलं.

काही झालं नाही. त्याने दांडा सोडला. तरी काही नाही. भीतभीतच त्याने एक उडी मारून पाहिली. फरशीने पाय सोडला नाही.

कित्येक दिवसांनी त्याने मोकळा श्वास घेतला. ही बातमी कोरिनला द्यायला तो तसाच बाहेर निघाला. पायांत साबणाने निथळणारे मोजे होते. बाहेरच्या लाकडी जमिनीला त्याने सकाळीच, आर्डिस येणार म्हणून, चकचकीत पॉलिश केलं होतं.

हेल्मेटमुळे डोकं वाचलं. घोटा वाचला नाही.

शुक्रवारी आर्डिस घरी आली, तेव्हा मर्ल पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर पडला होता. ती वॉकर टेकत पलंगापाशी आली.

"बाथरूममध्ये पडलास?"

"नाही. बाथरूम एकदम सुरक्षित आहे."

संध्याकाळी तो कुबड्या घेऊन बाथरूममध्ये गेला. आर्डिस दाराबाहेर उभी राहिली. आतून काहीच ऐकू येईना, तसा तिचा चेहरा उतरला.

"मर्ल?"

"काय?"

"गप्प नको बसूस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मला आवाज येऊ दे."

मर्लने इकडेतिकडे पाहिलं. हाताशी शॅम्पूची बाटली होती. चष्मा नाकावर चढवून तो मोठ्याने वाचू लागला, "ओल्या केसांना हलक्या हाताने लावा. फेस होऊ द्या..."

आर्डिसने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. "हळू वाच," ती म्हणाली. "घाई नको."