थॉमसची सव्वा मूठ

त्या दिवशी मधल्या घरात मी होते, माझा मुलगा सुनील, सून लता, पाचोऱ्याहून आलेले भाऊबंदकीतले थोरले दगाभाऊ, आणि आबा. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते; तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायचे होते.

आबा म्हणजे माझे मोठे दीर. लढाईत विमान चालवलं, मग निवडून आले, मंत्री झाले, मग विमानांच्या कंपनीत मोठे साहेब. आता म्हातारपणी आमच्याकडे, धुळ्याजवळ. पण अजून कुठल्या गाडीत बसायचं म्हटलं की आधी तिला फेरी मारतात. चाक दाबतात, वाकून खाली पाहतात. रिक्षावाले हैराण. एक जण म्हणालाच, "आबा, ही काय उडत नाही."

"म्हणून तर जास्त पाहतो."

मंत्री असताना लाल दिव्याच्या गाडीलाबी फेरी. मागे सगळे साहेब लोक वाकून चाकं बघायचे. काय बघतोय ते एकालाबी ठाऊक नसायचं. प्रचाराला बैलगाडी आली तर तिलाबी फेरी मारायला गेले, तर बैलानं लाथ घातली.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "उडस कोनी बी, उतरता येवाले पाहिजे." निवडणूक हरले तेव्हा घरात रडारड, आणि हे पाटावर बसलेले. "नीट उतरलो ना? वाढ मग."

सुनील पोटात होता तेव्हा माझा नवरा गेला. मी केळीच्या बागेत मजुरीला जायची. आबांनी तोंडानं कधी धीर दिला नाही. रजेवर आले की माझ्या खोलीला फेरी मारायचे. कौलं पाहायचे, दाराची कडी हलवायचे. ते गेले की दाराला नवी कडी असायची.

तर रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे. माणूस गेला की त्याची मूठ बंद. दरसाली गहू आबाच काढायचे आणि दरसाली रोट उरायचे. बाहेरच्याला देता येत नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. शिळे रोट मी गिळायची आणि पीठ जास्त मळलंस म्हणून लताला बोल लावायची.

औंदा आबांचा हात कापायला लागला, म्हणून मी मुठी भरत होते. सगळ्यांच्या झाल्या.

"एक राहिली," आबा म्हणाले.

"कोणाची?"

"थॉमसची."

दगाभाऊ उखडले. "हाऊ थॉमस कोन शे? आपला कुळना शे का?"

"लढाईत माझ्या शेजारून उडत होता. मी उतरलो."

"मंग मेलेल्यानी मूठ घालतस का, आबा?"

"मेलेला कोणी पाहिला? उतरला नाही, एवढंच."

दरसाली रोट का उरायचे ते मला तेव्हा कळलं. आबा उठले, कानबाईसाठी मांडलेल्या चौरंगाला फेरी मारली, त्याचे पाय हलवून पाहिले आणि परत येऊन बसले.

मूठ बंद होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. नवरा गेल्यावर पहिल्याच श्रावणात सासूनं त्याचं नाव घेतलं नाही, सरळ पुढच्याची मूठ भरली. माझ्यासाठी तो त्या दिवशी मेला.

मी पदर सावरला. मूठ भरून घातली, वर पाव मूठ घातली.

"या घरात मूठ मी भरते, दगाभाऊ. कानबाई विचारील ते मला विचारील."

दगाभाऊ धुसफुसले. पण दुसऱ्या दिवशी तो जास्तीचा रोट मोडायला पहिला हात त्यांचाच.

आता आबा थकले. माझेबी हात चालत नाहीत. तुमच्या घरी कानबाई बसत असेल तर गहू काढताना थॉमसच्या नावानं एक मूठ घाला. कूळ विचारू नका.